जोखमीच्या रकान्यातला धर्म

विकासाच्या योजना आखणाऱ्या, त्यांना पैसा पुरवणाऱ्या आणि त्यांचे अहवाल लिहिणाऱ्या सर्व मंडळींना,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्या आराखड्यांमधला एक तक्ता. पोटापाण्यासाठी मी गेली कित्येक वर्षे तुमच्या कागदांची भाषांतरे करते. विषय लसीकरणाचा असो, शाळांचा असो की कुटुंबनियोजनाचा, शेवटाकडे तो तक्ता येतोच. डाव्या रकान्यात ‘संभाव्य जोखीम’, उजव्या रकान्यात ‘उपाययोजना’. पूर, चलनाचे घसरते दर, निवडणुका, आणि मग एक ओळ: ‘स्थानिक धार्मिक नेत्यांचा विरोध’. समोर उपाय: ‘धार्मिक नेत्यांना विश्वासात घेणे’. ही ओळ मी इतक्यांदा केली आहे की आता न बघता टाइप होते. विश्वासात कोणी घ्यायचे, कधी घ्यायचे, आणि घेऊनही ते ‘नाही’ म्हणाले तर काय, हे त्या रकान्यात कधीच मावलेले नाही.

माझे भांडण त्या ओळीशी आहे. गरीब देशांत धर्म पुरासारखा अचानक येत नाही. तो तुमच्या आधीपासून तिथे असतो. शाळा चालवतो, दवाखाने चालवतो, अडल्यानडल्याला पैसे देतो, भांडणे मिटवतो, मेलेल्याला पोचवतो. आणि ज्यांचे कोणीच ऐकून घेत नाही त्यांना गाऱ्हाणे मांडायला एक भाषा देतो. ही शेवटची गोष्ट राजकारण्यांना पक्की ठाऊक असते. तुम्हाला ती कळेपर्यंत बहुधा वरात पुढे गेलेली असते आणि घोडे मागून येते.

कानोचे उदाहरण तुम्हाला पाठ असेल, पण तुम्ही ते जसे सांगता तसे ते नाही. कानो हे उत्तर नायजेरियातले राज्य. २००३ मध्ये तिथे पोलिओची मोहीम थांबली. लशीत वंध्यत्व आणणारी द्रव्ये मिसळली आहेत, असे काही मुस्लिम संघटनांनी जाहीर केले आणि कानोसह काही राज्यांनी थेंब पाजणे बंद केले. जगाने याला ‘श्रद्धा विरुद्ध विज्ञान’ असे नाव देऊन टाकले. गंमत अशी की या बहिष्कारात पुढे असलेल्या शरिया परिषदेचे प्रमुख स्वतः डॉक्टर होते.

आता सात वर्षे मागे जा. १९९६ मध्ये कानोत मेंदूज्वराची भयंकर साथ आली होती. त्या गदारोळात फायझर कंपनीने सुमारे २०० आजारी मुलांवर एका नव्या प्रतिजैविकाची चाचणी घेतली. निम्म्यांना नवे औषध दिले, निम्म्यांना जुने. ११ मुले दगावली, काहींना कायमचे अपंगत्व आले. पालकांची संमती नीट घेतली नव्हती, असा आरोप झाला. मुले रोगाने गेली, औषधाने नाही, असे कंपनीचे म्हणणे. शेवटी २००९ मध्ये कंपनीने राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. पण २००३ मध्ये ती तडजोड व्हायची होती. तेव्हा कानोतल्या आईबापांना एवढेच माहीत होते की मागच्या खेपेला बाहेरची माणसे औषध घेऊन आली तेव्हा काय घडले. शिवाय दवाखान्यात साधे तापाचे औषध मिळायची मारामार, आणि पोलिओचे थेंब मात्र घरपोच, फुकट आणि पुन्हा पुन्हा. यातच एवढा कळवळा का, असे कोणालाही वाटेल. मला तरी वाटले असते.

तर हा प्रश्न त्यांनी विचारायचा कुठे? जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात? तिथे दार होते, ऐकणारे कोणी नव्हते. मशिदीत होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली होती. उत्तरेचा मुस्लिम उमेदवार हरला होता, दक्षिणेचा ख्रिस्ती अध्यक्ष पुन्हा निवडून आला होता, आणि कानोची सत्ता विरोधी पक्षाकडे होती. गाऱ्हाणे तयार, भाषा तयार, व्यासपीठ तयार. राजकारण्याला आणखी काय लागते?

मार्ग निघाला तोही बघण्यासारखा. जिनिव्हाहून, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेकडून, आलेल्या प्रमाणपत्रांनी काही झाले नाही. लशीची पुन्हा तपासणी झाली आणि मुस्लिमबहुल इंडोनेशियात बनलेली लस आणायचे ठरले, तेव्हा कुठे जुलै २००४ मध्ये कानोची मोहीम सुरू झाली. तोवर विषाणू सीमा ओलांडून गेला होता. पोलिओ हद्दपार केलेल्या एकामागून एका देशात तो परतला आणि २००५ मध्ये थेट इंडोनेशियात पोचला. ज्या देशाने लस दिली, त्याच देशात रोग शिरला. नंतर उत्तर नायजेरियातले अमीर, म्हणजे पारंपरिक राजे, तिथल्या मुस्लिमांचे प्रमुख मानले जाणारे सोकोटोचे सुलतान, गल्लीतले इमाम वर्षानुवर्षे या कामात राबले आणि ऑगस्ट २०२० मध्ये आफ्रिका खंड पोलिओच्या नैसर्गिक विषाणूपासून मुक्त जाहीर झाला. तुमच्या अहवालात या वर्षानुवर्षांच्या कामाला दीड परिच्छेद मिळाला. मोजला आहे मी.

अविश्वास नेहमी खालूनच येतो, असेही नाही. २०११ मध्ये अबोटाबादमध्ये बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने एका डॉक्टरकरवी कावीळ ‘ब’ची बनावट लसीकरण मोहीम राबवली. पाकिस्तानात ‘लस म्हणजे परक्यांचा कट’ अशी कुजबुज आधीपासून होती. या प्रकाराने तिला पुरावा मिळाला. डिसेंबर २०१२ पासून पोलिओ कर्मचाऱ्यांवर गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या, आणि मारल्या गेलेल्यांत घरोघर फिरणाऱ्या साध्या बायका होत्या. लसीकरणाचा असा वापर पुन्हा करणार नाही, असे अमेरिकेने २०१४ मध्ये लिहून दिले. बंदूक चालवणाऱ्यांचा गुन्हा यामुळे रतीभर कमी होत नाही. पण त्यानंतरच्या कुठल्याही आराखड्यात ‘पुरस्कर्त्या देशाच्या हेरगिरीमुळे गेलेला विश्वास’ अशी जोखमीची ओळ मला आढळली नाही. तिथे नाव मौलवींचेच.

इबोलाच्या वेळी तुम्ही उशिरा का होईना शिकलात, हे मात्र मान्य केले पाहिजे. २०१४ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये ही साथ पसरली आणि ११ हजारांवर माणसे गेली. मृतदेहाला अंघोळ घालताना, शेवटचा हात लावताना विषाणू पसरत होता. सुरुवातीला पांढऱ्या अवकाशवीरांसारखी दिसणारी माणसे यायची, प्रेत पिशवीत भरायची आणि न्यायची. बापाला कुठे पुरले हे मुलाला कळायचे नाही. मग लोक आजारी माणसे लपवू लागले, रात्री गुपचूप पुरू लागले. गिनीतल्या वोमे गावात सप्टेंबर २०१४ मध्ये जनजागृतीला गेलेल्या पथकातल्या आठ जणांना जमावाने ठार मारले. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ख्रिस्ती आणि मुस्लिम संस्थांबरोबर बसून दफनाचे नियम पुन्हा लिहिले. पाण्याने अंघोळ घालणे शक्य नसेल तर इस्लाममधला तयम्मुम, म्हणजे कोरडी शुद्धी, चालेल. पिशवीच्या जागी किंवा पिशवीवर पांढरे कफन चालेल. घरच्यांनी अंतरावर उभे राहून प्रार्थना करायची, कबरीवर नाव लिहायचे. पिशवीच्या रंगावरही चर्चा झाली, कारण अनेकांच्या लेखी काळ्या रंगात गुंडाळणे म्हणजे अपमान होता. यात विज्ञानाला कुठेही मुरड घालावी लागली नाही. फक्त आधी विचारावे लागले. हे पहिल्याच महिन्यात विचारता आले असते.

आता तुमच्यातल्या काहींचा आवडता मुद्दा: धर्म मुळातच विकासाच्या आड येतो. दुसरा गट उलट सांगतो, की आमच्या धर्मात सगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेतच. या दोघांनी इराणकडे बघावे. १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर तिथल्या धर्मसत्तेने शहाच्या काळातला कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम गुंडाळला. इराकशी युद्ध चालू होते, मुले हवी होती. १९८६ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच कोटींच्या घरात गेलेली दिसली आणि अर्थखात्याला घाम फुटला. १९८९ मध्ये त्याच धर्मसत्तेने कार्यक्रम नव्याने सुरू केला. खेड्यापाड्यांतल्या आरोग्यघरांतून साधने फुकट, लग्नाआधी वधूवरांना वर्ग सक्तीचा, मशिदींतून पाठिंबा. १९८० च्या दशकात एका बाईमागे सहाच्या वर असलेली मुले २००० च्या आसपास दोनवर आली. जगात इतकी वेगवान घट फार थोड्या देशांनी पाहिली आहे. आणि मग २०१२ मध्ये सर्वोच्च नेत्याने सांगितले की हे चुकले, मुले वाढवा. निधी बंद झाला, साधनांवर निर्बंध आले. तेच धर्मग्रंथ, तीच पदे, आणि निर्णय तीनदा उलटसुलट. ग्रंथात काय लिहिले आहे यापेक्षा वाचणाऱ्याला त्या वर्षी काय हवे आहे, याने फरक पडला. म्यानमारमध्ये २००७ साली भिख्खूंनी लष्करशहांकडून भिक्षा नाकारली, पात्रे पालथी धरून रस्त्यावरून चालले. एक पात्र उलटे धरणे, म्हणजे दात्याला पुण्य नाकारणे, बस्स, आणि सरकार हादरले. तिथल्याच भिख्खूंच्या एका गटाने पुढे मुस्लिमांविरुद्ध वातावरण तापवले आणि २०१५ मध्ये ‘वंश व धर्म संरक्षणा’चे चार कायदे करवून घेतले. तेव्हा ‘धर्म’ नावाच्या एकाच माणसाशी बोलणी करता येतील, ही कल्पनाच सोडून द्या.

राजकारणात धर्म आला की विकासाचे नेमके काय बिघडते? माझ्या मते हिशेब बिघडतो. इंडोनेशियाच्या राजधानीचे, जकार्ताचे, उदाहरण बघा. तिथले राज्यपाल बासुकी त्जाहाजा पुर्नामा, ज्यांना सगळे आहोक म्हणत, वंशाने चिनी आणि धर्माने ख्रिस्ती. नद्या साफ केल्या, गाळ उपसला, नारिंगी गणवेशातले सफाई कामगार रस्तोरस्ती दिसू लागले. बहुसंख्य लोक कामावर समाधानी आहेत, असे मतचाचण्या सांगत होत्या. सप्टेंबर २०१६ मध्ये एका बेटावर मत्स्यपालनाच्या योजनेसाठी गेले असता ते बोलून गेले, की कुराणातल्या एका आयतीचा दाखला देऊन कोणी तुम्हाला माझ्याविरुद्ध फसवत असेल तर फसू नका. भाषणाची चित्रफीत कापून फिरवली गेली. डिसेंबरमध्ये लाखोंचा मोर्चा निघाला. एप्रिल २०१७ मध्ये राज्यपालपदाच्या निवडणुकीत ते ५८ विरुद्ध ४२ टक्क्यांनी हरले आणि मेमध्ये धर्मनिंदेखाली दोन वर्षांसाठी तुरुंगात गेले.

ही गोष्ट इथेच थांबवली तर ती तुमच्या सोयीची होते: चांगला प्रशासक, धर्मांध जमाव. पण नद्या साफ करताना काठावरच्या वस्त्या उठवल्या होत्या. कितीतरी कुटुंबांना शहराच्या कडेच्या गाळ्यांत नेऊन टाकले होते, जिथून कामधंदा लांब पडत होता. बुलडोझर आला तेव्हा त्यांच्या बाजूने कोण उभे होते, कोणाच्या अंगणात पाले पडली, हे शोधा. त्या मोर्च्यात श्रद्धा होती, वंशद्वेष होता, विरोधकांचा पैसाही असेल. आणि घर गेल्याचा राग होता, ज्याला विकासाच्या भाषेत शब्दच नव्हता. त्या भाषेत घर जाण्यालाच ‘पुनर्वसन’ म्हणतात.

उलट बाजूही तेवढीच वाईट. देवाच्या नावाने केलेल्या खर्चाला कोणी प्रश्न विचारत नाही, हे सत्तेला फार लवकर कळते. आयव्हरी कोस्टचे राष्ट्राध्यक्ष उफूए-बोआन्यी यांनी आपल्या जन्मगावी, यामुसुक्रोत, १९८० च्या दशकात कोकोचे भाव कोसळलेले असताना रोमच्या सेंट पीटर चर्चहून उंच बॅसिलिका, म्हणजे भव्य चर्च, बांधली. तिच्या रंगीत काचेच्या एका खिडकीत येशूपुढे गुडघे टेकलेले स्वतः राष्ट्राध्यक्ष दिसतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी सप्टेंबर १९९० मध्ये अभिषेक केला, पण शेजारी रुग्णालय बांधण्याच्या अटीवर. त्याची कोनशिलाही त्यांच्याच हातून बसली. रुग्णालय उघडायला २०१५ च्या आसपासचा काळ उजाडला. मधल्या पाव शतकात देशात बंड झाले, यादवी झाली, आणि कोनशिला गवतात पडून राहिली.

घानातली गोष्ट तर परवाची. २०१६ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकलो तर राष्ट्रीय कॅथेड्रल, म्हणजे मोठे चर्च, बांधीन, असा नवस नाना अकुफो-अडो बोलले होते. जिंकले. राजधानी आक्रात मोक्याची जागा दिली, न्यायाधीशांची घरे पाडली. सुमारे ५.८ कोटी डॉलर सरकारी पैसा गेला. डिसेंबर २०२२ मध्ये देशाने परकीय कर्जाचे हप्ते थांबवले तेव्हा त्या जागी एक प्रचंड खड्डा होता. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. विश्वस्त मंडळातल्याच दोन धर्मगुरूंनी स्वतंत्र लेखापरीक्षणाची मागणी केली. देवाच्या माणसाला हिशेब विचारणे म्हणजे देवाचा अपमान, असे मानणारे जेवढे आत असतात, तेवढेच हिशेब विचारणारेही आतच असतात. तुम्ही त्यांना शोधायला गेलाच नाहीत.

धर्माच्या नावावर उभी राहिलेली एक सुंदर आर्थिक संस्थाही मी सांगू शकते. मलेशियात हजला जाण्यासाठी शेतकरी पैसे उशीत, मडक्यात साठवायचे, आणि कमी पडले की जमीन, म्हशी विकायचे. परत आल्यावर कफल्लक. उंगकू अझीझ या अर्थतज्ज्ञाने १९५९ मध्ये सुचवले की व्याज न घेता-देता या लोकांची बचत करता येईल अशी संस्था काढा. १९६० च्या दशकात ती सुरू झाली. आज तिला ताबुंग हाजी म्हणतात. श्रद्धेची इतकी नीट अर्थव्यवस्था मला दुसरी माहीत नाही. आणि तरीही २०१८ मध्ये उघड झाले की संस्थेची देणी मालमत्तेपेक्षा जास्त झाली होती आणि अशा स्थितीतही ठेवीदारांना लाभांश वाटला जात होता. सरकारला सुमारे २० अब्ज रिंगिटची मालमत्ता बाजूला काढून नव्या कंपनीत ठेवावी लागली. हजच्या पैशाला कोण हात लावील, या भरवशावर कोणी नीट पाहिलेच नव्हते.

तुमच्यात शहाणी माणसे नव्हती असे नाही. जागतिक बँकेचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन आणि कँटरबरीचे आर्चबिशप जॉर्ज कॅरी यांनी १९९८ मध्ये लंडनमध्ये निरनिराळ्या धर्मांच्या लोकांना एकत्र बसवले. त्यातून एक संवादमंच उभा राहिला. बँकेच्या संचालकांनी त्याला जवळजवळ एकमुखाने विरोध केला. धर्म फूट पाडतो, बायकांना मागे ठेवतो, राजकारण आत आणतो, असे त्यांचे आक्षेप. मला ते आक्षेप खोटे वाटत नाहीत. विशेषतः बायकांचा. तुमच्या ‘धार्मिक नेत्यांच्या बैठकी’चे फोटो मी पाहते: सगळे पुरुष, सगळे साठीच्या पुढचे, पहिल्या रांगेत. समाजात सगळ्यात कमी हलायची इच्छा असलेला गट निवडून तुम्ही त्याच्या हातात माईक देता आणि त्याला सहभाग म्हणता.

धर्माचे काम प्रत्यक्षात तिथे होत नाही. ब्राझीलमध्ये झिल्दा आर्न्स या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९८३ मध्ये कॅथलिक चर्चच्या छत्राखाली फ्लोरेस्तोपोलिस गावात काम सुरू केले. बिशपांची परवानगी होती, पण काम करत होत्या वस्तीतल्या बायका. साखरमिठाचे पाणी कसे करायचे ते एकीने दुसरीला शिकवायचे. महिन्यातून एक दिवस सगळी लेकरे आणून वजन करायचे. त्या दिवसाचे नाव ‘जीवनाचा उत्सव’. काट्यावर मूल हसते की रडते यावर बायका टाळ्या वाजवतात, आणि वजन घटलेल्या पोराच्या आईकडे कोण जाणार ते तिथेच ठरते. युगांडात गिडियन ब्यामुगिशा या अँग्लिकन धर्मगुरूने १९९२ मध्ये आपल्याला एचआयव्ही असल्याचे जाहीरपणे सांगितले. एड्स म्हणजे पापाची शिक्षा, असे व्यासपीठावरून सांगितले जाण्याचा तो काळ. त्या एका वाक्याने जे साधले त्यासाठी तुमच्या भित्तिपत्रकांना किती वर्षे लागली असती?

तेव्हा मागणे एवढेच. पैसा कुठे जायचा हे ठरण्याआधी बोला; पत्रके छापून झाल्यावर आशीर्वादाच्या सहीसाठी जाऊ नका. बोलायला गेलात तर ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवा आणि त्या ‘नाही’च्या मागे कानोसारखे कुठले १९९६ दडले आहे ते शोधा. पहिल्या रांगेच्या मागे बघा. आणि एकदा एखाद्या धर्मसंस्थेला काम दिलेत की पावती मागायला लाजू नका. घानात आणि टांझानियात कितीतरी मिशन रुग्णालये सरकारी आरोग्यव्यवस्थेचा भाग आहेत. पगार सरकार देते आणि हिशेब सरकारला जातो. त्यात कोणाची श्रद्धा दुखावलेली नाही.

माझ्या टेबलावर सध्या तुमचा एक नवा मसुदा पडला आहे. शेवटून तिसऱ्या पानावर तो तक्ता आहे आणि ती ओळही आहे. या वेळी भाषांतर करताना मी समासात तीन प्रश्न लिहून पाठवते आहे: नेमके कोणाला, कधी, आणि ते नाही म्हणाले तर? उत्तरे आली की पुढचे पान हातात घेते.

तुमचे अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचणारी,
एक भाषांतरकार